आपल्या गल्लीत बंब शिरतो का? सोलापूरकर, खरं सांगा

उजनीचं_पाणी

मंडळी, परवा रात्री पावणेबाराला आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखालचा मीटरचा बोर्ड पेटला. विजापूर रोडला, सैफुलच्या अलीकडे राहतो आम्ही. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. आधी चटचट आवाज, मग निळ्या ठिणग्या. बोर्डाच्या बरोबर खाली कुणीतरी तात्पुरती ठेवलेली जुनी गादी होती. ही गादी तीन वर्षं तात्पुरतीच होती.

धूर सरळ जिन्यानं वर आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तर समोरचा कठडासुद्धा दिसेना. आईला धरून गच्चीवर गेलो. गच्चीच्या दाराला त्या दिवशी कुलूप नव्हतं, एरवी असतं.

आता लाजेचा भाग. बारा बिऱ्हाडांतल्या एकाही मोठ्या माणसाला फायर ब्रिगेडचा नंबर आठवला नाही. एकानं लाइनमनला फोन लावला, एकानं माजी नगरसेवकाला, एकानं पोलिसात असलेल्या मेव्हण्याला. मेव्हणा नांदेडला असतो. मी गच्चीतून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'खाली आग लागली आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.' शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीनं ११२ लावला.

लाइनमन जवळच राहतो, त्यानं येऊन डीपीवरून लाइट तोडली. मग गादीवर पाणी ओतलं. इतकं पाणी कुठून आलं म्हणाल, तर आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे घरटी दोन बॅरल भरलेले असतात. आयुष्यात पहिल्यांदा त्या बॅरलांना हात जोडले.

बंबही वेळेत आला हो. पण गल्लीच्या तोंडाशी कमान आहे आणि कमानीत एका काकांची चारचाकी असते. जवान खाली उतरले, होज खांद्यावर टाकून दीडशे पावलं पळत आले, सगळं थंड करून गेले. जाताना त्यातला एक जण कमानीकडे बघून नुसता हसला. ते हसू तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

म्हणून विचारतो. तुमच्या घराजवळचं अग्निशमन केंद्र कुठं आहे, माहीत आहे? बंब तुमच्या दारापर्यंत येतो का? आणि रात्री बाराला हात थरथरत असताना कुठला नंबर आठवतो?

कडक_भाकरी

'सर्वांनी नोंद घ्यावी'ला अंगठे किती आले ते सांगा आधी.

उजनीचं_पाणी

चार. आणि एक 'शुभ रात्री'चं गुलाबाचं फूल.

सात_रस्ता

बंबावरून आठवलं. आमच्या आजोळी, बाळीवेशीत, न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. आजी पहाटे उठून शेंगांची टरफलं घालून तो पेटवायची. मी चार-पाच वर्षांची असेन. एका दुपारी शेजारच्या गल्लीत आग लागली आणि सगळे 'बंब आला, बंब आला' करत पळाले. मी टॉवेल घेऊन गेले होते.

घरातला बंब पेटवायचा आणि बाहेरच्या बंबानं विझवायचं, दोन्हीला एकच शब्द कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

चिंचोली_शिफ्ट

लाइट तोडून मग पाणी टाकलं हे लई बरं केलं बे. आमच्या कंपनीत एकानं चालू पॅनलवर बादली मारली होती. वाचला, पण बूट जळाले.

निवृत्त_होज

धागा वाचून राहवलं नाही. मी दुसऱ्या एका शहराच्या अग्निशमन दलात सत्तावीस वर्षं काढली, लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. आता मुलाकडे जुळे सोलापुरात असतो. इथल्या दलाबद्दल मी बोलणार नाही, कामाबद्दल बोलतो.

आमच्याकडे फोन आला की म्हणतात 'वर्दी आली'. वर्दी घेणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: काय जळतंय, कुठं जळतंय, आत कोणी अडकलंय का. लोक काय सांगतात? 'साहेब लवकर या, लई मोठी आग आहे' आणि फोन ठेवतात. मग आम्ही त्याच नंबरवर उलटा फोन करतो, तो उचलत नाही, कारण तो व्हिडिओ काढत असतो. एका वर्दीत पत्ता मिळाला होता 'मारुतीच्या देवळाजवळ'. आता मारुती नसलेली गल्ली महाराष्ट्रात दाखवा.

तेव्हा ठळक खूण सांगा, कोणत्या बाजूनं गाडी आत येईल ते सांगा, आणि एका माणसाला मोठ्या रस्त्यावर उभं करा. मोबाईलची बॅटरी चालू करून हात हलवणारा एक पोरगा आमची चार मिनिटं वाचवतो.

ती चार मिनिटं इतकी मोलाची का, तेही सांगतो. नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. ऐकायला खूप वाटतं. एक चांगली नोझल मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर फेकते. म्हणजे एका नळीवर दहा मिनिटं, दोन नळ्या लावल्या की पाच. मग टँकर, नाहीतर भरायला परत. म्हणून पहिलं पाणी कुठं मारायचं, हे गाडीतून उतरायच्या आधी कळलेलं असलं पाहिजे.

आणि उजनीचं_पाणी, तुम्ही गच्चीवर गेलात, तिथं दार उघडं मिळालं म्हणून हे लिहायला आहात. जिना धुरानं भरलेला असताना त्यातून वर जाणं हा जुगार आहे. पुढच्या वेळी (न येवो) घरातच थांबायचं, दार लावायचं, फटीत ओलं फडकं कोंबायचं, रस्त्याकडच्या गॅलरीत उभं राहून हाका मारायच्या. माणूस ज्वाळांच्या आधी धुरानं जातो. मी बाहेर काढलेल्या पुष्कळ माणसांच्या अंगावर भाजल्याची खूणही नव्हती.

उजनीचं_पाणी

वाचून पोटात गोळा आला. आईला वाचून दाखवलं नाही.

विडी_घरकुल

काका, जमिनीलगत रांगत जायचं म्हणतात ते खरं का?

निवृत्त_होज

खरं. धूर गरम, म्हणून वर तरंगतो. गुडघाभर उंचीपर्यंत हवा जरा बरी असते. भिंतीला एक हात लावून रांगायचं, म्हणजे दिशा चुकत नाही. आम्ही बीए सेट (श्वासासाठी पाठीवर हवेची टाकी आणि तोंडाला मास्क) लावून आत जातो, तेव्हाही भिंत सोडत नाही.

पूर्वभाग_टेरी

मी तिसऱ्या पिढीचा. आजोबा तेलंगणातून हातमागावर आले, वडिलांनी यंत्रमाग टाकले, माझ्याकडे टेरी टॉवेल. सोलापुरात आगीचं बोलायचं आणि कारखान्यांचं बोलायचं नाही, असं चालणार नाही, म्हणून मीच बोलतो.

सूत चालतं तिथं बारीक कापूस उडतो. तो दिव्याच्या पट्टीवर, मोटरीवर, वायरींवर, छताच्या कैच्यांवर बसतो. दसऱ्याला झाडला की दिवाळीला परत तेवढाच. एक ठिणगी पडली की तो थर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर पळत जातो, अक्षरशः पळतो. मी एकदा पाहिलंय, आमच्याच शेडमध्ये. नशिबानं दिवसा, सगळे जागे होते, आग विझवायचे दोन सिलिंडर मारून विझलं.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, आठ माणसं गेली, त्यात लहान मूल होतं. मालकाचं कुटुंब तिथंच वर राहत होतं. त्या दिवशी पूर्व भागात कुणी माग चालू केले असतील असं वाटत नाही. माझे तरी बंद होते. संध्याकाळी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर आमच्या शेडचं मागचं दार उघडून बघितलं. उघडेना. त्याच्यापुढे सुताच्या गोण्या लावलेल्या, कडीला गंज. दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावला.

चादर_आणि_चटणी

@पूर्वभाग_टेरी, मनापासून लिहिलंत. पण एक विचारते, राग मानू नका. कामगारांना आत झोपवून शटर बाहेरून बंद करायची पद्धत आहे ना आपल्याकडे? 'माल चोरीला जातो' म्हणून? माझे मामा जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. कित्येक रात्री असे कोंडून झोपलेत ते. मागचं दार वेल्डरकडून नीट केलंत, पण किल्ली रात्री कुणाकडे असते?

पूर्वभाग_टेरी

ताई, राग कशाला. होती पद्धत. माझ्या वडिलांच्या वेळी आमच्याकडेही होती, खोटं कशाला बोलू. आता किल्ली नाहीच, आतून ढकललं की उघडेल अशी दांडी बसवली. चोरीचा विमा काढला. पण सगळ्यांकडे हे झालंय असं मी म्हणणार नाही.

मिल_चाळ

माझे वडील लक्ष्मी मिलमध्ये. लहानपणी डबा घेऊन जायचो, तेव्हा भिंतीला ओळीनं टांगलेल्या लाल बादल्या दिसायच्या. त्यांचं बूड गोल. मी विचारलं, ही बादली जमिनीवर उभी कशी राहणार? वडील म्हणाले, राहत नाही म्हणूनच जागेवर राहते. सपाट बुडाची असती तर कधीच कुणाच्या तरी घरी पाण्याला लागली असती. सोलापुरात बादलीला केवढी किंमत, हे मिलवाल्यांना कळलं होतं.

भोंगाही असायचा मिलचा. वेळी-अवेळी वाजला की बाया चाळीतून बाहेर येऊन उभ्या राहायच्या.

चिंचोली_शिफ्ट

कारखान्याचे कागद बघा की पण. २००६ चा राज्याचा फायर कायदा आहे, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून वर्षातनं दोनदा, जानेवारी अन् जुलैला, बी फॉर्म द्यावा लागतो. आमच्याकडं फॉर्म एकदम टकाटक असतो. एका जुन्या कंपनीत (नाव नको) सिलिंडर भिंतीला रंगवलेले, चकचकीत, अन् काटा शून्यावर. तपासणीवाला यायचा त्या दिवशी शेजारच्या कंपनीतनं उसने आणायचे.

निवृत्त_होज

काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, एवढं तरी प्रत्येकानं येता-जाता बघावं. वापरताना पिन ओढा, नळी आगीच्या बुडाकडे धरा, दांडा दाबा, डावी-उजवी फिरवा. लोक ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात. पावडर वरून उडून जाते, खाली जळतंच राहतं. घरातला छोटा सिलिंडर दहा-पंधरा सेकंदच चालतो, चुकायला वेळ नसतो.

कापसाच्या गाठींचं अजून एक. वरून विझलेली गाठ आतून दिवसच्या दिवस धुमसते. जेसीबीनं ओढून, फोडून, एकेक भिजवावी लागते. लोक म्हणतात, 'ज्वाळा गेल्या, अजून पाणी का मारताय?'

नंदीध्वज

कापूस आणि आग म्हटलं की १४ एप्रिल. त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन असतो, तो कशामुळे ते फार जणांना ठाऊक नसतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळा आणि त्याच्याबरोबर कापसाच्या गाठी! विझवायला गेलेले असतानाच स्फोट झाले, ६६ अग्निशामक जवान गेले. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, त्या उडून लांबलांब जाऊन पडल्या म्हणतात.

आपल्याकडे त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. अख्खं शहर रस्त्यावर. त्यामुळे ज्यांचा दिन, ते जवान बंदोबस्ताला गाडी घेऊन उभे.

कडक_भाकरी

गड्ड्याचं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचं पण तसंच की. तीन दिवस बंब होम मैदानावरच मुक्कामाला. पहिल्या दिवशी अक्षता, दुसऱ्या दिवशी होमविधी, तिसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम. मी लहानपणी दारूकाम बघायला जायचो, पण खरं सांगू, बघायचो बंबाकडंच. एका जवानानं मला हेल्मेट घालून दिलं होतं. मान मोडायची वेळ आली. तेव्हा ठरवलं होतं फायरमन व्हायचं. आता बँकेत आहे, लोकांच्या शिव्यांची आग विझवतो.

सात_रस्ता

बंब बघायला जाणारी माणसं आणि दारूकाम बघायला जाणारी माणसं, असे सोलापूरकरांचे दोन भाग करता येतील.

भीमाकाठचा

शहरवाल्यांनो, तुमच्याकडं निदान बंब आहे. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. उसाला आग लागली की फोन करून काही उपयोग नसतो, तोवर फड संपतो. ट्रॅक्टर घेऊन शेजारचा पट्टा मोडतो, ओल्या फांद्या मारतो, बोअर चालू करतो. पोरं हातात घमेली घेऊन माती टाकत्यात. अन् विजेच्या तारा घासून लागलेली असली तर पंचनाम्याला वर्षभर हेलपाटे.

पण सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर आला तेव्हा गोष्ट वेगळी होती. रात्रीतनं पाणी वाढलं. उंबरा, मग ओटा, मग खिडकी. आमची म्हातारी माळवदावर, गाय पाण्यात. एनडीआरएफची बोट आली तेव्हा जवानांना मराठी येत नव्हतं, म्हातारीला हिंदी येत नव्हतं. म्हातारी म्हणाली, 'गायीला आधी घ्या.' त्यांनी काय समजून घेतलं देव जाणे, पण म्हातारीला उचललं अन् गायीचा दोर सोडून दिला. गाय दीड किलोमीटरवर उंचवट्याला मिळाली, जिती. म्हातारी अजून सांगती की दोर सोडणारा पोरगा शेतकऱ्याचा असला पाहिजे.

विडी_घरकुल

दोर सोडला हे वाचून अंगावर काटा आला. बांधलेलं जनावर पोहूच शकत नाही.

पांढरा_कोट

मी नर्स आहे, सिव्हिलला नाही, दुसरीकडे. भाजलेल्या रुग्णाला आणतात तेव्हा जखमेवर काय काय लावलेलं असतं ते सांगते: टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कोरफड आणि एकदा शेंगाचटणी. नाही, थट्टा नाही. तेल असतं म्हणून लावली म्हणे. ते सगळं आम्हाला आधी खरवडून काढावं लागतं आणि तेव्हा रुग्ण जे ओरडतो ते तुम्ही ऐकू नये.

भाजलं की नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. वीस म्हणजे वीस, घड्याळ लावून. नळ नसेल तर बॅरलमधून तांब्यातांब्यानं ओता. बर्फ नको. अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, सूज आली की कापाव्या लागतात. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाकून आणा. भाजलेला भाग मोठा असला तर १०८ बोलवा, गाडीत डॉक्टर असतो. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, तरी रिक्षात मांडीवर आडवं घालून आणणारे रोज येतात.

चादर_आणि_चटणी

माझ्या आयडीचा असा अपमान.

लांबोटी_पूल

महामार्गावरच्यांसाठी पण लिहा कुणीतरी. मी रोज मोहोळला दुचाकीनं जातो. गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक जण पडला. पंधरा माणसं जमली, एकही हात लावेना. 'पोलीस विचारतील, साक्षीला बोलावतील.' अहो, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कुणी अडकवू शकत नाही, नावही सांगायची सक्ती नाही. मी १०८ लावला, राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ पण असतो, तोही लावला. तो माणूस आता मला संक्रांतीला तिळगूळ पाठवतो.

आणि मागं सायरन वाजत असताना बाजूला न होणाऱ्याला त्याच कायद्यात दहा हजार दंड आहे. आपल्याकडे सायरन वाजला की लोक बाजूला होत नाहीत, मागं लागतात. रस्ता मोकळा मिळतो म्हणून.

मधला_मारुती

गल्लीत बंब शिरतो का, या मूळ प्रश्नाला कुणीच उत्तर देईना, म्हणून मी देतो. नाही शिरत. नवी पेठ, मधला मारुती, फलटण गल्ली, इकडं दिवाळीच्या आधी पंधरा दिवस माणूस आडवा होऊन चालतो, तिथं बंब कुठला? माझं दुकान आहे. दुकानापुढे माझा स्टँड आहे, स्टँडपुढे हातगाडी, हातगाडीपुढे गिऱ्हाइकाची गाडी. मला आधी शिव्या घाला, चालतील. पण स्टँड मी एकट्यानं आत घेतला तर शेजारचा अजून दोन फूट पुढं येईल.

कडक_भाकरी

म्हणजे आग लागेपर्यंत सगळे एकमेकांकडे बघत उभे राहणार.

मधला_मारुती

तुम्ही बँकेत बसून बोला. भाडं किती आहे माहीत आहे का इथलं?

निवृत्त_होज

भांडू नका. दोघांचंही खरं आहे. बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर धरा, उंची तीन मीटरच्या वर. सरळ रस्ता असेल तर साडेतीन मीटरमध्येही चालक काढतो, पण काटकोनाच्या वळणावर अडतो. जुन्या पेठांसाठी छोट्या गाड्या असतात, पण त्यांत पाणी थोडं. मग मोठी गाडी चौकात उभी करून नळीला नळी जोडत न्यायची. आमचे पाय त्यासाठीच आहेत. फक्त नळीवरून दुचाकी घालू नका. दर वेळी कुणीतरी घालतोच, आणि आत नोझल धरलेल्या पोराच्या हातातलं पाणी जातं.

मांडवांचंही बघा. गणपतीत रस्ता बंद करताना एक बाजू तरी मोकळी सोडा. कमानी बांधताना खाली साडेचार मीटर उंची ठेवा.

अक्कम्मा_नात

पूर्व भागातली गंमत सांगते. आमच्या अज्जीला (आईची आई, मराठी तोडकं) घरात एकटी असताना गॅसच्या नळीनं पेट घेतला. तिनं फोन लावला आणि 'निप्पू, निप्पू' (तेलुगूत आग) एवढंच ओरडत राहिली. पलीकडच्या माणसानं तिला तेलुगूतच विचारलं, 'अम्मा, घर कुठं? काय जळतंय?' आणि मग रेग्युलेटर कसा बंद करायचा, ओलं पोतं कसं टाकायचं, हे तेलुगूतच सांगितलं. गाडी येईपर्यंत विझलेलं होतं. अज्जीनं त्या जवानांना चहा करायला घेतला, त्याच गॅसवर! त्यांनी हातच धरला.

सोलापुरात वर्दी मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, दखनीत, कशातही येऊ शकते. कन्नडमधलं 'बेंकी' म्हणजे आग, हे इथं मराठी माणसालाही माहीत असतं.

पांढरा_कोट

गॅसचा वास आला तर १९०६, चोवीस तास चालतो. लाइटचं बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या. आणि ती केशरी नळी पाच वर्षांनी बदला. सगळ्यांनी आत्ता उठून नळीवरचं साल बघा.

सात_रस्ता

बघितलं. २०१६. बदलते.

चिंचोली_शिफ्ट

माझ्या नळीवर साल दिसेना, तेलकट झालंय. म्हणजे बदलायची वेळ झालीच.

मांजा_विरोधी

आगीशिवायही बोला. झाडावर मांज्यात अडकलेली घार काढायला अग्निशमनचे लोक शिडी घेऊन आले होते आमच्या शेळगीत. तासभर लागला. खाली जमलेली पोरं टाळ्या वाजवत होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात तोच नायलॉनचा मांजा.

मिल_चाळ

विहिरीतून बैल काढतात, लिफ्टमधून माणूस काढतात, गटारातून कुत्र्याचं पिल्लू काढतात. माझ्या भाच्याचं डोकं देवळाच्या जाळीत अडकलं होतं, ते पण त्यांनीच काढलं. तेल लावून. कापायची वेळ आली नाही. भाचा आता इंजिनिअर आहे, त्याच्या लग्नात मी हे सांगणार आहे.

कडक_भाकरी

जाळीत कशाला घातलं होतं?

मिल_चाळ

आतला प्रसाद.

उजनीचं_पाणी

मंडळी, धागा काढून बारा दिवस झाले, अहवाल देतो.

रविवारी सोसायटीची मीटिंग घेतली. मी निवृत्त_होज काकांची पोस्ट छापून नेली होती. बारापैकी नऊ घरं आली. टेप घेऊन कमान मोजली. रुंदी तीन मीटर वीस, उंची तीन मीटर दहा. रुंदीला बसतो, उंचीला घासतो. कमानीवर स्वागताचा फलक आहे, तोच वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली लोंबतो. तो वर घ्यायचा ठरलं. फलकावर ज्यांचं नाव आहे त्यांची परवानगी घ्यावी का, यावर चाळीस मिनिटं गेली.

मीटरचा बोर्ड नवा बसवला, वायरमन म्हणाला, जुन्या बोर्डावर तीन एसी जास्तीचे ओढले होते. कुणाचे, ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. गच्चीचं कुलूप काढलं. लहान मुलं जातील म्हणून आतून वरच्या बाजूला कडी लावली. दोन सिलिंडर आणले. त्या बारावीतल्या मुलीनं जिन्यात ११२, १०१, १०८, १९०६ असं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं. खाली तिनं स्वतःहून एक ओळ घातली: 'ग्रुपवर टाकू नये.'

कमानीतली चारचाकी काकांनी तूर्त हलवली आहे. शेजारच्या गल्लीत लावतात. शेजारच्या गल्लीची कमान नाही, पण शेजारच्या गल्लीवाले आता आमच्याशी बोलत नाहीत.

निवृत्त_होज

चांगलं काम केलंत. फलक वर घेताना मला बोलवा, उंची मी बघतो. जिन्याखाली काय आहे आता?

उजनीचं_पाणी

गादी गेली, सायकली गेल्या, रद्दी गेली. एकदम झाडून स्वच्छ होतं, शनिवारपर्यंत. काल संध्याकाळी कामावरून आलो तर तिथं एक जुना कूलर येऊन बसलाय, आत गवताच्या ताट्यांसकट. ग्रुपवर विचारलं कुणाचा. अजून कुणी बोललेलं नाही.

कडक_भाकरी

अंगठे किती?

उजनीचं_पाणी

सहा.